सड्यावरची न झालेली सुनावणी

नोकरीत मी सर्वांत जास्त काय केलं असेल तर दगड चाटले. भूवैज्ञानिकाच्या हातात हातोडा असतो, गळ्यात भिंग असतं, पिशवीत आम्लाची छोटी बाटली असते. पण रानात उभं राहून चटकन काही ठरवायचं झालं की शेवटी जीभच लावावी लागते. दगडात चिकणमाती जास्त असली की तो जिभेला पकडून ठेवतो, कमी असली की सोडून देतो. माझ्या आईला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती म्हणाली होती, "एवढं शिकवलं ते माती खायला?" आम्ही सांगलीजवळच्या माधवनगरचे. वडील कापड गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. मुलीनं शिक्षिका व्हावं एवढीच त्यांची इच्छा. मी सरकारच्या खनिज खात्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत जीपमधून डोंगर हिंडत राहिले.

आमचं काम लोकांना कळत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. एकदा पाटणच्या बाजूला एका शाळेत आमचा मुक्काम होता. सकाळी सकाळी एक म्हातारबाबा औषधाची बाटली घेऊन दारात उभे. बाटलीत कापसात ठेवलेला एक तपकिरी खडा.

"आवं बाई, दगडाच्या डॉक्टर तुमीच न्हवं? ह्यो कंचा दगड हाय तेवढं सांगा. लय तरास दिला ह्येनं."

मी भिंग लावून बघितलं. स्फटिक सुरेख होते. कुठल्या रानात सापडला म्हणून विचारलं, तर बाबांनी पोटाच्या उजव्या अंगाला हात लावला. मिरजेच्या दवाखान्यात काढलेला मुतखडा होता तो. जीभ लावायच्या आधी विचारलं, हे माझं नशीब.

अशा गमती पुष्कळ आहेत आणि चार माणसांत मी त्या रंगवून सांगते. इथंही त्याच लिहायच्या म्हणून बसले होते. पण लिहायला घेतलं की मन दरवेळी एकाच वाडीकडे जातं. तिथं काय झालं ते मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही. सांगताना मान खाली जाते.

वाडीचं खरं नाव देत नाही. तिला सड्याची वाडी म्हणू. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला डोंगरांचे माथे सपाट आहेत, त्या सपाटीला तिकडे सडा म्हणतात. वर काळपट लाल जांभा, चालताना बुटाच्या तळव्याला टोचणारा. त्याच्याखाली कुठं कुठं बॉक्साइट, म्हणजे ज्याच्यातून ॲल्युमिनियम काढतात तो दगड. चांगला निघाला तर बुंदीच्या लाडवासारखा दिसतो, गोल दाणे एकमेकांना चिकटलेले. त्याच्याखाली पांढरट चिकणमाती, आणि मग आपला नेहमीचा काळा पाषाण. पावसाचं पाणी जांभ्यात मुरतं, चिकणमातीवर येऊन अडतं आणि सड्याच्या कडेला झऱ्यांतून बाहेर पडतं. तिकडच्या वाड्या या झऱ्यांना धरूनच बसलेल्या आहेत. वरचा थर काढून नेला तर पाणी मुरायचं कशात, हा प्रश्न मी माझ्या अहवालातही घातला होता. एक परिच्छेद होता त्यावर.

वाडीत खालच्या आळीला मराठ्यांची घरं, बहुतेक घरांतला एक तरी माणूस फौजेत. वरच्या अंगाला धनगरांची, म्हशी आणि शेळ्या राखणारी. डोक्यावर पवनचक्क्यांची पाती फिरत असतात. आम्ही तपासणीला पहिल्यांदा गेलो तेव्हा देवळाच्या सभामंडपात सगळी वाडी जमली होती. बोलायला उभे राहिले ते सुभेदार. फौजेतून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशा, ताठ पाठ. सरपंच दुसराच कुणी होता, पण गाव सुभेदारांच्या तोंडाकडे बघायचं.

"मॅडम, सरळ इचारतो, सरळ सांगा. आमचं आजे-पणजे खाली नदीकाठाला व्हते. धरन आलं, आमी वर आलो. वीज गेली देशाला. मंग पवनचक्क्या आल्या. वारं बी गेलं देशाला. आता तुमी पायाखालचा दगड बगाय आलाय. आमाला कोन इचारनार हाय का न्हाई?"

मी म्हणाले, "माझं काम फक्त बघायचं आहे, सुभेदार. भोकं पाडायची, आतला दगड बाहेर काढायचा, तपासायचा. उद्या खाण काढायची ठरली, तर त्याआधी जनसुनावणी घ्यावी लागते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अधिकारी इथं तुमच्यापुढं येऊन बसेल. ज्याला बोलायचं आहे त्याला बोलू द्यावं लागेल आणि बोललेलं सगळं नोंदवून वर पाठवावं लागेल. तुम्हाला न विचारता इथं खाण होणार नाही."

"ह्यो तुमचा शब्द?"

"माझा शब्द."

मी खोटं बोलले नव्हते. तेव्हा कायदा तसाच होता. उलट हे सांगताना माझी मान थोडी ताठ झाली असेल. आमच्या कोरड्या नियमांत हा एकच नियम मला माणसासारखा वाटायचा. कुणी कितीही मोठा असो, त्यानं प्लास्टिकच्या खुर्चीत बसून म्हशी राखणाऱ्या बाईचं ऐकून घ्यायचं.

त्या दिवसापासून वाडी आमची झाली. शाळेची खोली मिळाली, मशीन चढवायला माणसं मिळाली. सड्यावर ड्रिल मशीन लागलं की आतून दगडाचे गोल लांब तुकडे निघतात, उसाच्या कांड्यांसारखे. ते पेटीत ओळीनं मांडून ठेवायचे. ते बघायला रोज हजर असायच्या ठकूबाई. धनगरवाड्यातल्या, वय साठीच्या पुढं असावं, अंगानं काटकुळ्या. म्हशी सोडायच्या आणि पेटीपाशी येऊन बसायच्या. सोबत ताकाची किटली असायची.

"काय घावलं गं बाई आज?"

मी सांगायची. नंतर प्रयोगशाळेतून उत्तर आलं की या बॉक्साइटमध्ये थोडासा गॅलियम नावाचा धातू आहे, तेव्हा तेही त्यांना सांगितलं. हा धातू मोठा गमतीचा. उन्हाळ्यात तळहातावर ठेवला तर वितळतो.

"लोन्यागत?" ठकूबाई हसायला लागल्या. "आन त्येचं करत्यात काय?"

"मोबाइलमध्ये घालतात, दिव्यांत घालतात, सूर्यावर वीज करणाऱ्या काही पॅनेलांत घालतात."

"किती हाय आमच्या सड्यात?"

"अगदी चिमूटभर. पण तो बहुतेक सगळा आपल्याला बाहेरच्या देशांतून आणावा लागतो."

"मंग चिमटीसाठनं अख्खा सडा फोडायचा व्हय?"

मी तेव्हा त्यांना समजावलं की तसं नसतं, ॲल्युमिनियम निघतं, त्याच्यासोबत हा निघतो. त्या "आसंल बाई" म्हणाल्या आणि माझ्या पेल्यात ताक ओतलं.

त्याच सुमाराला दिल्लीपासून खाली सगळीकडे दुर्मिळ खनिजांचा विषय सुरू झाला. कोळसा आणि तेल सोडायचं तर बॅटऱ्या पाहिजेत, सौर पॅनेलं पाहिजेत, आणि त्यांना लागणारे धातू एकदोन देशांच्या मुठीत आहेत. त्यांनी उद्या हात आखडला तर आपलं सगळं अडेल. हे खरं आहे. मी त्या धोरणाच्या विरोधात नव्हते, आजही नाही. ज्या खनिजांची देशाला निकड आहे त्यांची यादी झाली, तिच्यात गॅलियम आला, शोध वाढवा म्हणून आदेश आले, आणि आमच्या धूळ खात पडलेल्या खात्याला एकदम भाव आला. माझे आयुष्यभराचे अहवाल कपाटात गेले होते. हा सड्याचा एक मात्र वर गेला. बैठकीत माझं नाव घेतलं गेलं. घरी पेढे आणले होते मी, कशाला लपवू?

मग सड्याच्या लिलावाची जाहिरात निघाली. जी कंपनी लिलाव जिंकेल तिनं पुढची परवानगी काढायची, आणि त्या वाटेवर जनसुनावणी, असा तो क्रम. वाडीतून सुभेदारांचा मला फोन आला, "सुनावनी कवा हाय मॅडम? आमी तयारीला लागलोय." मी म्हणाले, अजून अवकाश आहे, कळवते.

कळवायची वेळ आली ती अशी. एका सकाळी साहेबांनी मला बोलावलं. साहेब माझ्यापेक्षा वयानं लहान, हुशार, कामाला वाघ. त्यांच्याविषयी माझ्या मनात काही वाईट नाही. टेबलावर नवं पत्रक होतं.

"मॅडम, आपली मोठी डोकेदुखी गेली. या यादीतल्या खनिजांना आता जनसुनावणी लागणार नाही. पर्यावरणाचा अभ्यास होणारच, तो कुठं जात नाही. फक्त सुनावणी वगळली. वर्ष-वर्ष वाचेल."

मी पत्रक दोनदा वाचलं. म्हटलं, "साहेब, मी तिथल्या लोकांना शब्द दिलाय."

"कसला शब्द?"

"तुम्हाला विचारल्याशिवाय खाण होणार नाही, असा."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग शांतपणे म्हणाले, "मॅडम, आपण दगड शोधणारी माणसं. नियम करणारे दुसरे. तुम्ही नियमाला स्वतःचा शब्द कशाला जोडलात?"

मी पत्रक त्यांच्यापुढं परत ठेवलं. साहेबांनी मऊ आवाजात पुढं सांगितलं, "वाडीतून फोन येतायत, सुनावणी कधी म्हणून. तुम्हीच जाऊन सांगून या. तुम्हाला ओळखतात, गडबड होणार नाही."

म्हणजे वाडीनं माझ्यावर विश्वास टाकला होता, त्याचा असा उपयोग होणार होता. नाही म्हणता आलं असतं. पण मग दुसरं कुणीतरी गेलं असतं, किंवा कुणीच गेलं नसतं आणि त्यांना पेपरातून कळलं असतं. मी जीप काढायला सांगितली. जीपवर चालक आमचा इक्बाल होता, मी राहते त्या मिरजेचाच. इतकी वर्षं बरोबर हिंडल्यावर माणसाला न बोलता कळतं. घाट चढेपर्यंत त्यानं रेडिओ लावला नाही.

दुपारची वेळ होती. देवळाच्या सभामंडपात गर्दी दिसली. मला वाटलं कुणाचा कार्यक्रम असेल. आत गेले तर समोर एक टेबल, त्यावर शाळेतलं निळं कापड, पाण्याचा तांब्या, आणि टेबलामागं खुर्चीत सुभेदार. समोर बायका-माणसं ओळीनं बसलेली. एक सून उभी राहून घाम पुसत बोलत होती. सुभेदार तिला थांबवून म्हणाले, "खाली बगून न्हाई बोलायचं. साहेबाच्या डोळ्यात बगायचं. परत म्हन."

मला बघून सगळी वाडी उठली. सुभेदार हसत पुढं आले.

"ऐन टायमाला आला मॅडम! सुनावनीची परेड चाललीया. बायास्नी कवा चार मान्सात बोलायची सवं न्हाई, म्हनून रोज घेतोय. मी कलेक्टर हुतो. आता खऱ्या सायबीन आल्यात, तुमीच बसा."

मी नको नको म्हणत होते. पण दोघीतिघींनी मला हाताला धरून त्या खुर्चीत बसवलं. टेबलावरचा तांब्या माझ्या अंगाला सरकवला. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात ठकूबाई उभ्या राहिल्या. नवं लुगडं नेसून आल्या होत्या, सरावाला.

"नमस्कार साहेब. मी ठकूबाई. वय ठावं न्हाई."

लोक हसले. सुभेदार म्हणाले, "वय कोन इचारत न्हाई, फुडं बोल."

"साहेब, वीज नगं असं मी म्हनाय आली न्हाई. माझ्या घरात बी बलब हाय, नातवंडं त्येच्याखाली अभ्यास करत्यात. धरन झालं तवा माझी सासू खालनं वर आली. डोक्यावर टोपली आन काखंत माझा मालक, तान्हा. हितं तिला कुनी बोलावलं न्हवतं. रिकामा सडा दिसला म्हनून बसली. खालनं उठवलं तवा वर याला जागा तरी हुती. आता हितनं उठवलं तर वर कुटं जायाचं? वर आबाळ हाय, साहेब."

एवढं बोलून त्या अडल्या. पुढचं आठवेना. सुभेदारांनी हळूच सांगितलं, "झऱ्याचं."

"व्हय, झऱ्याचं. झरा मी तुमाला हितं आनून दाखवू शकत न्हाई. तुमी या. वंजळीनं एक डाव पानी प्या. मंग काय ती सही करा."

टाळ्या वाजल्या. ठकूबाई लाजून पदर सावरत माझ्याकडे बघायला लागल्या. "बरं झालं का गं?"

मी म्हणाले, "फार चांगलं झालं." त्यानंतर आणखी तीन-चार जणी बोलल्या. एकीचा नवरा सीमेवर होता, ती त्याच्या वतीनं बोलली. मी अर्धं ऐकलंच नाही. कलेक्टरच्या खुर्चीत बसून मी त्या बायकांकडून अशा परीक्षेची तयारी करून घेत होते, जी रद्द झाल्याचं वाडीत फक्त मला माहीत होतं.

शेवटी सुभेदार म्हणाले, "आता तारीख सांगा. त्येच्यासाठनंच आलाय न्हवं?"

मी खुर्चीतून उठले. उभं राहूनच सांगितलं. "सुनावणी होणार नाही."

"फुडं ढकलली?"

"नाही. नियम बदललाय. या खनिजांसाठी आता सुनावणी लागतच नाही."

पुढच्या ओळीतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग एक पोरगी म्हणाली, "म्हंजे कुनी येनारच न्हाई ऐकाय?" तिला तिच्या सासूनं गप्प केलं.

मी समजावू लागले. देशाला निकड आहे, बाहेरच्यांवर अवलंबून राहून चालणार नाही, सैन्यालाही हे धातू लागतात, पर्यावरणाचा अभ्यास होणार आहे. प्रत्येक वाक्य खरं होतं आणि प्रत्येक वाक्यागणिक मी माझ्याच नजरेत लहान होत होते. सुभेदार सगळं ऐकेपर्यंत थांबले. फौजेतली सवय असेल.

"मॅडम, देशाला पायजे तर देशानं मागावं की. आमी कवा न्हाई म्हटलंय? ह्या वाडीनं पोरं दिल्यात. माझा धाकटा भाव परत आला न्हाई. पर तवा मागितलं हुतं. भरतीला या म्हनून सांगितलं, आमी गेलो. न इचारता उचलून न्हेलं असतं तर त्येला आमी काय म्हटलं असतं?"

मी टेबलावरचा तांब्या बाजूला सरकवला.

"आन तुमी शब्द दिलता."

"दिला होता. तेव्हा खरा होता, सुभेदार."

"तवा खरा आन आता खोटा, असा शब्द आस्तो व्हय?"

ते रागानं बोलले नाहीत. रागानं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी टेबलावरचं निळं कापड ओढलं, चार कोपरे जुळवून नीट घडी घातली आणि शाळेच्या बाईंकडे द्यायला एकीच्या हातात दिली. बायका उठून जाऊ लागल्या.

मी म्हणाले, "थांबा. माझ्यापुढं बोला. माझ्या हातात काही नाही, पण मी सगळं ऐकते आणि वर सांगते." हे मी का म्हणाले, मला अजून नीट सांगता येत नाही. लोकांसाठी म्हणाले, की घाट उतरताना स्वतःला काहीतरी सांगता यावं म्हणून? काहीजणी परत बसल्या. बोलल्या. मघाचा जोर नव्हता, पण बोलल्या. ठकूबाई मात्र बोलल्या नाहीत. "मघा सांगितलं न्हवं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांना मी सगळं सांगितलं, एकेकीचं बोलणं. त्यांनी मधे न तोडता ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही ऐकून घेतलंत, चांगलं केलंत. पण हे आता कुठं पाठवू सांगा? वर कुणी विचारलेलंच नाही." मी टिपण लिहिते म्हटलं. म्हणाले, लिहा. लिहिलं. त्यावर कधी काही आलं नाही, आणि मला ते येईल असंही वाटलं नव्हतं. पुढं मी त्याच टेबलावर त्याच खात्याची इतर कामं केली. राजीनामा वगैरे काही दिला नाही. निवृत्ती तोंडावर आली होती. माणूस असा विचार करतो.

पुढं सड्याचा लिलाव फसला. पुरेशा कंपन्याच आल्या नाहीत. बॉक्साइटचा थर पातळ, घाटाचा रस्ता अवघड, आणि त्यातून गॅलियम वेगळा काढण्याची सोय जवळपास कुठं नाही. हिशेब करणाऱ्यांनी हिशेब केला आणि पाठ फिरवली. लिलाव रद्द झाल्याचं कळलं तेव्हा साहेब हळहळले. मी आतून सुटल्यासारखी झाले, आणि लगेच स्वतःचीच चीड आली. यात मी काही केलेलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांनी सुभेदारांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "मॅडम, सडा वाचला. वाडीनं तुमचा सत्कार ठेवलाय. न्हाई म्हनायचं न्हाई."

मी नाही म्हणाले. तीन वेगवेगळी कारणं सांगितली. ते म्हणाले, "मंग आमीच मिरजंला येतो, टेम्पो करून." तेव्हा मी निघाले. इक्बाल आता माझा चालक नव्हता, पण रजा काढून स्वतःच्या गाडीनं घेऊन आला. "एकट्या नका जाऊ," म्हणाला.

वाडीच्या वेशीवर हलगी वाजत होती. शाळेच्या भिंतीवर कापडी फलक, त्यावर माझा फोटो, कुठल्याशा कार्यक्रमातला, आणि मोठ्या अक्षरांत 'सडा वाचवणाऱ्या मॅडम'. तो वाचला आणि वाटलं, इथूनच गाडी वळवावी. बायकांनी ओवाळलं. मला मंचावर बसवलं. एका मुलीनं भाषण केलं. मॅडमनी आमचं ऐकलं, मॅडमनी आमचा आवाज मुंबई-दिल्लीला पोहोचवला, म्हणून सरकारनं लिलाव मागं घेतला. सगळे टाळ्या वाजवत होते. सुभेदारांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि म्हणाले, "त्या दिवशी मी तुमाला लागट बोललो. माफी करा."

ते ऐकून माझ्याच्यानं बसवेना. गप्प राहता आलं असतं. तीही एक वाट होती, आणि ती कुणाला वाईट दिसली नसती. त्यांना आनंद, मला मान. मी माईकपाशी गेले.

"सुभेदार, माफी मागू नका. त्या दिवशी तुम्ही बोललात ते खरं होतं. हा सडा मी वाचवलेला नाही. तुमचं बोलणं मी वर सांगितलं, पण ते कुणी विचारात घेतलं असं मला दिसलं नाही. कंपन्यांना परवडलं नाही म्हणून त्या आल्या नाहीत, एवढंच झालं. उद्या भाव वाढला, नवं यंत्र आलं, तर जाहिरात परत निघेल. आणि नियम आहे तसाच राहिला तर तेव्हाही तुम्हाला कुणी विचारायला येणार नाही. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून मी आले."

हलगीवाला हलगी खाली ठेवून बघत राहिला. मी खांद्यावरची शाल काढली, घडी केली आणि नारळाबरोबर टेबलावर ठेवली. "हा सत्कार माझा नाही," म्हणाले. मग माईकपासून बाजूला झाले.

सुभेदार उठले. माईकवर फक्त एवढं म्हणाले, "मॅडमनी खरं सांगितलं. जेवान तयार हाय. सगळ्यांनी जेवून घ्या." फलक कुणी उतरवला नाही, पण त्याच्याकडे परत कुणी बघितलंही नाही. पंगतीत वाढणारे हळू आवाजात बोलत होते. मला आग्रह करून वाढत होते. मी ताट स्वच्छ केलं, कारण टाकलं असतं तर तेही त्यांना लागलं असतं.

गाडीपाशी सुभेदार आले. "पोरास्नी सांगितलं हुतं, आपून बोललो म्हनून जिंकलो. आता त्येस्नी काय सांगू?"

मी गाडीच्या दारापासून मागं वळले. मी हात जोडले. त्यांनीही जोडले.

गाडी सुरू झाली तोच काचेवर टकटक झाली. ठकूबाई होत्या. पळत आल्यामुळं धाप लागली होती. हातात ती शाल होती.

"ही ऱ्हायली."

"ठकूबाई, ती मी मुद्दाम ठेवली. सत्कार नको मला."

"सत्काराचं ऱ्हाऊ दे गं. दिस मावळाय लागलाय, सड्यावर गार वारं सुटतंय. थंडीची हाय, पांघर."

त्यांनी काचेतून हात घालून शाल माझ्या मांडीवर टाकली, गाडीच्या टपावर थाप मारली आणि माघारी फिरल्या. मी ती अंगाभोवती घेतली आणि घाट उतरेपर्यंत काढली नाही. घरी आल्यावर शेजारच्या वहिनींनी हौसेनं विचारलं, "कसा झाला सत्कार?"

"झाला नाही," मी म्हणाले.